पहिला फिल्म कॅमेरा : पेंटॅक्स के१००० नावाच्या उत्तराचा इतिहास

फोटोग्राफीच्या कोर्सला नवीन बॅच आली की एक प्रश्न हमखास येतो. फिल्मवर शिकायचंय, पहिला कॅमेरा कोणता घेऊ? उत्तरही जवळजवळ ठरलेलं असतं: पेंटॅक्स के१०००. मेकॅनिकल आहे, साधा आहे, पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी त्याच्यावरच शिकलेत, डोळे मिटून घे. सांगणाऱ्यांपैकी काहींनी तो कॅमेरा कधी हातातही धरलेला नसतो, तरी उत्तर तेच असतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी असं ‘सगळ्यांनाच माहीत असलेलं’ उत्तर म्हणजे चांगला कच्चा माल. ते बरोबर की चूक हे नंतर बघू. आधी विचारायचं ते असं: हे उत्तर कधी तयार झालं, कुणाच्या सोयीचं होतं, आणि त्यावेळची परिस्थिती आज शिल्लक आहे का? वस्तूंच्या इतिहासात, म्हणजे ज्याला आपण भौतिक संस्कृतीचा अभ्यास म्हणतो त्यात, हे तीन प्रश्न पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवावेत. आणि हे नुसतं वैचारिक काम नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलामुलींचे खरे पैसे या उत्तरावर खर्च होतात.

थोडं मागे जाऊ. शिकाऊ माणसासाठी वेगळा कॅमेरा असतो ही कल्पनाच फार जुनी नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी आणि नारायण दाजी हे बंधू तिचे सभासद होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. पुढे नावारूपाला आलेले हरिश्चंद्र चिंतामण याच वर्गातले. त्या काळी फोटोग्राफी शिकणं म्हणजे मुख्यतः रसायनं शिकणं. कॅमेरा म्हणजे एक लाकडी खोका आणि पुढे भिंग. त्यात ‘सोपा’ आणि ‘अवघड’ अशी प्रतवारी करायला फारसं काही नव्हतंच, अवघड होतं ते काचेवर किंवा कागदावर लेप चढवणं आणि प्रतिमा टिकवणं.

प्रतवारी सुरू झाली ती कॅमेरा बाजारात विकायची वस्तू झाल्यावर. १८८८ चा पहिला कोडॅक २५ डॉलरला होता, म्हणजे चैनीची गोष्ट. १९०० मध्ये त्याच कंपनीनं ब्राउनी काढला, किंमत एक डॉलर. जाहिराती मुलांना समोर ठेवून केलेल्या होत्या. पुठ्ठ्याचा डबा, साधं भिंग, आणि सहा फोटोंचा रोल पंधरा सेंटला. हिशेब सरळ आहे: डबा स्वस्तात द्यायचा आणि आयुष्यभर रोल विकायचे. पण लक्षात घ्या, ब्राउनी ‘पहिला कॅमेरा’ असला तरी ‘शिकायचा कॅमेरा’ नव्हता. त्यात शिकण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं. बटण दाबा, बाकीचं कंपनी बघेल. या दोन संकल्पना, पहिला कॅमेरा आणि शिकायचा कॅमेरा, आज आपण एकच समजतो. त्या एकत्र कशा आल्या हे के१००० च्या गोष्टीत दिसतं.

असाही ऑप्टिकल ही जपानी कंपनी १९१९ ची. १९५२ मध्ये तिनं असाहीफ्लेक्स आणला, तो जपानचा पहिला ३५ मिमीचा एसएलआर. पेंटॅक्स हे नाव १९५७ पासून. १९६४ मध्ये स्पॉटमॅटिक विक्रीला आला. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे प्रकाशमापक कॅमेऱ्याच्या पोटात होता, भिंगातून आत आलेलाच प्रकाश तो मोजायचा. त्याआधी बहुतेकांना मापक वेगळा खिशात ठेवावा लागे, किंवा अंदाजावर काम चाले.

आता खरी गंमत. स्पॉटमॅटिक चालला, तेव्हा कंपनीनं त्याच सांगाड्यातून स्वस्त भावंडं काढायला सुरुवात केली. कशी? गोष्टी काढून टाकून. १९७० नंतरच्या वर्षांत एसपी५०० आला, मग एसपी१०००. दोन्हींत सेल्फ-टायमर नाही. एसपी५०० च्या शटर-डायलवर ५०० च्या पुढे आकडाच छापलेला नाही, पण डायल अजून एक खटका पुढे जातो आणि तिथं पडदा १/१००० च्या वेगानं चालतो! म्हणजे यंत्र तेच, आकडा तेवढा पुसलेला. किमतीच्या पायऱ्या पाडण्यासाठी कंपन्या काय करतात याचं इतकं उघड उदाहरण क्वचित सापडतं. वस्तूचा इतिहास लिहिताना नुसतं माहितीपत्रक वाचून भागत नाही, वस्तू हातात घेऊन खटके मोजावे लागतात, ते यासाठीच.

१९७५ मध्ये कंपनीनं जुना आट्यांचा, म्हणजे भिंग स्क्रूसारखं फिरवून बसवायचा माउंट सोडला आणि के-माउंट आणला. सोबत तीन कॅमेरे: के२, केएक्स आणि केएम. यातला केएम साधा, मेकॅनिकल. पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये, त्या केएममधूनही सेल्फ-टायमर काढला, डेप्थ ऑफ फील्ड आधी बघून घेण्याची सोय काढली, आणि जे उरलं त्याला नाव दिलं के१०००. नावातला हजार म्हणजे सर्वांत जास्त वेग, १/१००० सेकंद.

म्हणजे के१००० ही ‘विद्यार्थ्यांसाठी खास बनवलेली’ वस्तू आहे, असं जे सर्रास म्हटलं जातं, त्याला या वंशावळीतून आधार मिळत नाही. वंशावळ सांगते ती गोष्ट साधी आहे: मालिकेतलं सर्वांत स्वस्त मॉडेल. स्वस्त करण्यासाठी वजाबाकी, आणि वजाबाकीची सवय कंपनीला आधीपासून होती. विद्यार्थी नंतर आले. उगम एक आणि पुढचा उपयोग वेगळा, हा फरक इतिहासात फार वेळा पुसला जातो. एखादी वस्तू आज ज्या कामासाठी प्रसिद्ध आहे, त्याच कामासाठी ती जन्माला आली असं आपण गृहीत धरतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘या हेतूने निर्माण झाले’ असं वाक्य असेल तर त्याखाली पेन्सिलनं रेघ मारा आणि पुरावा हेतूचा आहे की वापराचा, ते तपासा.

त्याच १९७६ सालात कॅननचा एई-१ आला. हा योगायोग आपल्याला उपयोगाचा आहे, कारण तुलना आयती मिळते. एई-१ मध्ये मायक्रोप्रोसेसर होता. तुम्ही शटरचा वेग ठरवा, ॲपर्चर कॅमेरा ठरवेल. अमेरिकेत टीव्हीवर त्याच्या जोरदार जाहिराती झाल्या आणि तो लाखोंनी खपला. तांत्रिकदृष्ट्या भविष्य एई-१ च्या बाजूनं होतं, यात शंका नाही. पुढची सगळी ऑटोमॅटिक यंत्रं त्याच दिशेनं गेली. आणि तरीही वर्गात जिंकला तो दुसरा, मागासलेला.

का? इथं अमेरिकेतल्या वर्गखोलीत जावं लागतं, कारण हा प्रकार मुख्यतः तिथला. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकी विद्यापीठांत आणि शाळांत फोटोग्राफी हा विषय म्हणून रुजत होता. १९६३ मध्ये फोटोग्राफी शिकवणाऱ्यांची सोसायटी फॉर फोटोग्राफिक एज्युकेशन ही संघटना उभी राहिली. बार्बरा लंडन आणि जॉन अप्टन यांचं ‘फोटोग्राफी’ हे पुढे अनेक आवृत्त्या निघालेलं पाठ्यपुस्तकही १९७६ चंच. म्हणजे अभ्यासक्रम, शिक्षकांचा वर्ग आणि पाठ्यपुस्तक तयार होत असतानाच हा स्वस्त कॅमेरा दुकानात आला.

आता शिक्षकाच्या जागी उभं राहून बघा. समोर पंचवीस मुलं आहेत. शिकवायच्या गोष्टी तीन: फिल्मची संवेदनशीलता, शटरचा वेग, ॲपर्चर. प्रत्येकाच्या हातात वेगळा कॅमेरा असेल तर पहिला आठवडा ‘सर, माझ्यात हे बटण कुठंय?’ यातच जातो. सगळ्यांच्या हातात एकच कॅमेरा असेल तर एकदाच सांगायचं. शिवाय के१००० मध्ये चुकीच्या जागी ठेवता येईल असं बटणच नाही. ऑटो मोड नाही, त्यामुळं ‘चुकून ऑटोवर राहिला’ ही सबब नाही. सेल संपला तरी शटर चालतं, फक्त मापकाची सुई पडते. एई-१ चा सेल संपला की कॅमेरा गप्प, कारण त्याचं शटर विजेवर चालतं. शाळेच्या कपाटात वर्षभर पडून राहणाऱ्या, दर सहा महिन्यांनी नव्या हातात जाणाऱ्या यंत्राच्या दृष्टीनं हा फार मोठा फरक आहे.

आणि एक बारीक मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एई-१ हातानं चालवता येतो, नाही असं नाही. पण त्याच्या व्ह्यूफाइंडरमधली सुई कॅमेऱ्याला योग्य वाटणारं ॲपर्चर दाखवते, तुम्ही प्रत्यक्ष कोणतं लावलंय ते नाही. ते बघायला डोळा काढून भिंगाकडे बघावं लागतं. के१००० मध्ये आकडा एकही दिसत नाही, ना वेगाचा ना ॲपर्चरचा. उजव्या बाजूला एक सुई असते. प्रकाश जास्त, सुई वर. कमी, सुई खाली. वेग बदला किंवा ॲपर्चर बदला, सुई हलते. मध्यावर आणा आणि फोटो काढा. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये दुसरं काहीच नाही. १/१२५ आणि एफ/८ वरून १/२५० आणि एफ/५.६ वर गेलात तर सुई जागच्या जागी राहते, हे मुलांना बोटांनी कळतं. फळ्यावर तासभर लिहून जे समजत नाही ते असं दोन मिनिटांत समजतं. शिक्षकांना हा कॅमेरा आवडला याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

(कंसात एक गोष्ट. ‘शिक्षकांना आवडला’ हे वाक्य मी यंत्राच्या रचनेवरून आणि वर्गाच्या गरजांवरून काढलेलं अनुमान आहे. अनुमान वाईट नसतं, पण प्रबंधात ते अनुमान म्हणूनच लिहावं लागतं. त्याला पुरावा करायचं तर शाळांच्या खरेदी-नोंदवह्या, अभ्यासक्रमांची ‘सोबत आणायच्या सामानाची’ यादी, त्या काळच्या शिक्षकांच्या मुलाखती हे सगळं लागेल. सामानाची यादी हा फार दुर्लक्षित स्रोत आहे. ती कुणी जपून ठेवत नाही, पण वर्गात खरोखर काय होतं ते तीच सांगते.)

मग एक ठरलेला संच तयार झाला. के१००० किंवा तसाच मेकॅनिकल कॅमेरा, ५० मिमीचं एफ/२ भिंग, कोडॅकची ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म, डी-७६ डेव्हलपर, आणि लाल दिव्याखालची डार्करूम. यातली ट्राय-एक्स ३५ मिमीमध्ये १९५४ पासून होती, डी-७६ तर १९२७ चं. ‘बेसिक फोटोग्राफी’ म्हणून आज आपल्याला जे शिकवलं जातं ते बऱ्याच प्रमाणात या संचाला जे जमत होतं ते आहे. कृष्णधवल आधी, रंगीत नंतर, हा क्रम काही निसर्गनियम नाही. शाळेच्या डार्करूममध्ये कृष्णधवल धुणं परवडत होतं, रंगीत परवडत नव्हतं. ५० मिमीचं भिंग ‘माणसाच्या डोळ्यासारखं’ म्हणून आधी वापरायचं, हेही तसंच. ते कॅमेऱ्यासोबत यायचं आणि स्वस्त असायचं, डोळ्याचं तत्त्वज्ञान नंतर चिकटलं असावं असा माझा संशय आहे.

उलट या संचाला जे जमत नव्हतं त्याचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. ॲपर्चर शिकवताना पहिला धडा असतो डेप्थ ऑफ फील्डचा: भिंगाचं तोंड लहान केलं की पुढचं-मागचं जास्त भाग स्पष्ट येतो. आणि नेमकी ते आधी डोळ्यांनी बघण्याची सोय के१००० मधून काढून टाकलेली आहे. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध शिकाऊ कॅमेरा पहिल्याच धड्याचं प्रात्यक्षिक दाखवू शकत नाही! मुलांनी भिंगावरच्या रेघा वाचायच्या, फोटो काढायचा, फिल्म धुवायची आणि मग बघायचं. काहींच्या मते यामुळं कल्पना करण्याची सवय लागते. असेलही. पण ते शैक्षणिक धोरण नव्हतं, खर्चकपात होती.

मापकाचंही तसंच. तो संपूर्ण चौकटीतला प्रकाश सरासरीनं मोजतो आणि समोर जे काही आहे ते मध्यम करडं आहे असं धरून चालतो. काळी म्हैस चौकटभर घेतलीत आणि सुई मध्यावर आणलीत तर म्हैस राखाडी येणार. पांढऱ्याशुभ्र धोतरातल्या आजोबांचा फोटो त्याच रीतीनं घेतलात तर धोतर मळकं. विद्यार्थ्याला कळावं लागतं की पहिल्या वेळी सुई थोडी खाली ठेवायचीय, दुसऱ्या वेळी थोडी वर. ‘सुईवर विश्वास ठेवा’ पासून ‘सुईवर कधी विश्वास ठेवू नका’ इथपर्यंतचा प्रवास हाच त्या वर्गांचा निम्मा अभ्यासक्रम होता, असं म्हटलं तरी चालेल.

पुढचा इतिहास पटकन सांगतो. के१००० १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत राहिला. एकवीस वर्षं, तीही जेव्हा ऑटोफोकस येऊन जुना झाला होता तेव्हा. एकूण तीस लाखांवर नग बनल्याचं सांगितलं जातं. हा आकडा सगळीकडे मिरवला जातो, पण तो तयार झालेल्या कॅमेऱ्यांचा आहे. ‘तीस लाख विद्यार्थी यावर शिकले’ असा त्याचा अर्थ लावणं म्हणजे उत्पादनाचा आकडा वापराच्या खात्यात टाकणं. एका शाळेतल्या कपाटातला एक कॅमेरा चाळीस मुलांच्या हातून गेला असेल आणि एखादा वाढदिवसाला मिळून ड्रॉवरमध्येच राहिला असेल.

शिवाय ही एकच वस्तू नाही. सुरुवातीचे नग जपानमध्ये जुळवलेले, त्यांच्यावर असाही हे नाव असायचं. १९७८ पासून जुळणी हाँगकाँगला गेली आणि १९९० पासून चीनमध्ये. नंतरच्या नगांत धातूच्या जागी प्लास्टिकचे भाग वाढले. बाहेरून रूप आणि नाव तेच. जुना नग चांगला की नवा, यावर जाणकारांत वाद आहेत: जुन्यात धातू जास्त, पण त्याचं वयही जास्त. तुम्ही ‘के१०००’ असं एक नाव घेऊन विश्लेषण करता तेव्हा नेमकं कोणत्या के१००० बद्दल बोलताय, हा प्रश्न व्हायव्हात येऊ शकतो.

१९९५ मध्ये निकॉननं एफएम१० आणला. बनवायची कोसिना ही दुसरीच जपानी कंपनी, नाव निकॉनचं. तोही पूर्ण मेकॅनिकल शटरचा, हलका, आणि पुढे बरीच वर्षं निकॉनच्या यादीत होता. आपल्याकडे फोटोग्राफी शिकलेल्या मधल्या पिढीशी बोललात तर एफएम१० चं नाव के१००० इतकंच, कदाचित जास्तच, ऐकू येईल.

यावरून आपल्याकडच्या इतिहासाकडे येऊ. अमेरिकेत विद्यार्थी दुकानात जाऊन जपानी एसएलआर घेत होता, त्या काळात भारतात आयातीवर कडक निर्बंध होते. सामान्य घरातला पहिला कॅमेरा म्हणजे बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री: १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो, ढगाळ की ऊन एवढंच ठरवायचं. वंशावळीनं तो ब्राउनीचा वारसदार, शिकायचा कॅमेरा नव्हे. एसएलआर यायचा तो परदेशातल्या नातेवाइकाकडून, बोटीवर नोकरीला असलेल्या कुणाकडून, किंवा जुना, हातोहात. फिल्मची टंचाई वेगळीच. सरकारनं १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली आणि तिची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म कितीतरी जणांनी वापरली. अशा परिस्थितीत ‘पहिला कॅमेरा कोणता निवडू’ हा प्रश्नच फारसा नव्हता. जो मिळेल तो. तेव्हा ‘पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी यावरच शिकलेत’ हे वाक्य जेव्हा आपण मराठीत म्हणतो तेव्हा त्या पिढ्या ओहायो आणि कॅलिफोर्नियातल्या असतात, आपल्या नसतात. उसनी आठवण आपली म्हणून वापरणं हे सहज होतं, आणि पकडणं अवघड असतं. आपल्याकडच्या कला महाविद्यालयांत त्या काळी नेमके कोणते कॅमेरे होते, किती मुलांत एक, कोण देत होतं, यावर कुणी नीट काम केलं तर मला वाचायला आवडेल. जडवस्तू संग्रहाच्या नोंदवह्या, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरं, बऱ्याच कॉलेजांत अजून कपाटात पडून असतात. विषय शोधत असाल तर तो असा कपाटातच आहे.

आता आजचं. वर्गाची परिस्थिती ज्या खांबांवर उभी होती ते एकेक करून तपासा. कॅमेरा सर्वांत स्वस्त होता म्हणून निवडला गेला. आज तो प्रसिद्ध आहे म्हणून महाग झालाय. फिल्म तेव्हा त्या मानानं स्वस्त होती. आज एका रोलची आणि तो धुण्या-स्कॅन करण्याची किंमत मिळून दहाबारा रोलांतच चांगल्यापैकी रक्कम होते, म्हणजे कॅमेऱ्यावरचा खर्च हा एकूण खर्चाचा लहान भाग. तेव्हा नवा कॅमेरा वॉरंटीसह मिळत होता, आज सर्वांत नवा नगही पंचवीस वर्षांवरचा आहे. तेव्हा वर्गात पंचवीस जणांकडे तोच होता. आज तुम्ही बहुधा एकटे आहात, त्यामुळं सगळ्यांचा एकच असण्याचा फायदा उरलेलाच नाही. पाच खांबांपैकी टिकलेला एकच दिसतो: मेकॅनिकल शटर, सेलशिवाय चालणारं. आणि तो गुण काही एकट्या के१००० चा नाही.

म्हणूनच मी विचारणाऱ्याला सांगते की केएम बघ. तोच सांगाडा, तेच शटर, तीच भिंगं, वर सेल्फ-टायमर आणि डेप्थ ऑफ फील्ड बघायची सोय. म्हणजे के१००० बनवताना जे काढलं ते यात आहे. १९७६ मध्ये याच जादा सोयींमुळं तो महाग होता, आज नाव कमी प्रसिद्ध असल्यामुळं तो अनेकदा स्वस्तात सुटतो. रिकोचा केआर-५ हाही के-माउंटचा, मेकॅनिकल आणि दुर्लक्षित. (त्याच रिकोनं २०११ मध्ये पेंटॅक्स विकत घेतली, हा इतिहासाचा विनोद.) जुने स्पॉटमॅटिकही आहेत, पण त्यात बहुतेक मॉडेलांना मापन करताना भिंगाचं तोंड आधी बंद करावं लागतं, व्ह्यूफाइंडर अंधारतो, आणि पहिल्याच महिन्यात त्याचा कंटाळा येतो. एफएम१० मिळाला तर तोही काही वाईट नाही. प्लास्टिकचा आहे म्हणून नाक मुरडणारे खूप, पण वय कमी आहे हे ते विसरतात.

आणि २०२४ मध्ये त्याच पेंटॅक्सनं बऱ्याच वर्षांनी नवा फिल्म कॅमेरा काढला, पेंटॅक्स १७, तेव्हा त्यांनी के१००० पुन्हा बनवला नाही. अर्ध्या चौकटीचा, छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो देणारा, प्रकाशाचं गणित स्वतः करणारा, अंतर चित्रखुणांवरून लावायचा कॅमेरा काढला. फिल्म महाग आहे हे कंपनीनं ओळखलं, असं मी त्याचं वाचन करते. शिकायचा कॅमेरा बाजूला राहिला आणि ब्राउनीचा वंश पुढे गेला.

जुना घ्यायचाच असेल तर दुकानात, मग ते फोर्टातल्या बोरा बाजारातलं असो की गावातल्या जुन्या स्टुडिओतलं, हे करून बघा. मागचं झाकण उघडा आणि शटर एका सेकंदावर लावून दाबा. पडदा उघडून नीट बंद झाला पाहिजे, मध्ये अडखळता कामा नये. मग १/१००० वर लावून भिंग काढून उजेडाकडे धरा आणि मागून बघत दाबा: चौकट पूर्ण उजळली पाहिजे, एका कडेला काळोख राहिला तर पडदे एकमेकांना गाठतायत. झाकणाच्या खाचेत काळा चिकट डिंकासारखा पदार्थ लागला तर घाबरू नका, तो झिजलेला स्पंज आहे, थोड्या खर्चात बदलता येतो. सेलचा कप्पा मात्र नाणं घालून उघडून बघाच. हिरवट-पांढरा थर दिसला तर मापकाची आशा सोडून किंमत ठरवा. भिंग टॉर्चसमोर धरा. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या भिंगात बुरशीचे धागे असण्याची शक्यता दाट, आणि धागे काचेच्या लेपात उतरले असतील तर ते भिंग नको.

एलआर४४ हा छोटा सेल लागतो, किराणा-स्टेशनरीच्या दुकानातही मिळतो. आणि भिंगाचं झाकण मागून घ्या. के१००० ला मापक बंद करायचं बटणच नाही, उजेड पडला की मापक चालूच. झाकण लावलं की तो अंधारात थांबतो.